मेलला उत्तर देताना मागचं किती ठेवायचं, आणि कुणाच्या नावावर

होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्या, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब. किनारपट्टीवरचा बराचसा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर उरकतो. पण पैशाची किंवा तारखांची गोष्ट निघाली की समोरचा म्हणतो, "एक मेल टाकून ठेवा." मेल जातो, उत्तर येतं, उत्तराला उत्तर जातं. चौथ्या फेरीत मग "हो, चालेल" हे नेमकं कशाला म्हटलं होतं, यावरून फोनाफोनी सुरू होते. हा लेख ज्यांनी मेलवर ऑर्डर आणि बुकिंग घ्यायला नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी आहे. मेल कसा पाठवायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. इथे बोलायचंय ते फक्त मागच्या मेलमधल्या मजकुराबद्दल: त्यातला किती ठेवायचा, कुठे ठेवायचा, आणि तो कुणाचा हे कसं दाखवायचं.

समजा, तुमचं मालवणात होमस्टे आहे आणि असा मेल आला:

"नमस्कार. १८ ते २१ एप्रिल अशा तीन रात्रींसाठी दोन खोल्या मिळतील का? आम्ही सहा जण, त्यात दोन लहान मुलं. जेवण तुमच्याकडेच घेऊ, पण आईला कांदा-लसूण चालत नाही. कुडाळ स्टेशनवर गाडी पाठवाल का, की रिक्षा करून येऊ? सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला सकाळी किती वाजता निघावं? ॲडव्हान्स किती पाठवू?"

याला आपल्याकडून सर्रास जाणारं उत्तर असं: "हो, चालेल. अर्धे पाठवा." आता पाहुण्यांनी काय समजायचं? खोल्या तिन्ही रात्री आहेत? गाडी येणार आहे? अर्धे म्हणजे खोलीचे, की जेवण धरून? ते परत विचारतात, तुम्ही परत उत्तर देता, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याच तारखा मागितलेल्या असतात.

आधी जुना मजकूर उघडा

जीमेलमध्ये उत्तराची चौकट उघडली की मागचा मजकूर दिसत नाही. खाली तीन टिंबं दिसतात. त्यांच्यावर टिचकी मारली, फोनवर असाल तर बोट ठेवलं, की मूळ मेल उघडतो आणि त्यात बदल करता येतो. बहुतेक नवखे लोक ही टिंबं कधी उघडतच नाहीत. मग गंमत अशी होते की आपण दोन ओळी लिहितो आणि त्यांच्याखाली महिन्याभराचा सगळा पत्रव्यवहार आपल्याला न दिसता समोरच्याकडे जातो. संगणकावरच्या जुन्या (क्लासिक) आउटलुकमध्ये मजकूर लपत नाही. तिथे मूळ मेल खाली दिसतो आणि त्याच्या डोक्यावर कुणाकडून, कधी, कुणाला, विषय काय, अशा चार ओळी असतात. थंडरबर्ड वापरत असाल तर काम आणखी सोपं: उत्तराचं बटण दाबण्याआधी मेलमधला हवा तेवढा भाग माउसने निवडा, तेवढाच उत्तरात येतो. ॲपलच्या मेलमध्येही ही सोय आहे.

मग छाटा

प्रश्न तेवढे ठेवा. नमस्कार-चमत्कार, सही, पत्ता, कंपनीच्या मेलखाली येणारा "हा संदेश गोपनीय आहे" छापाचा परिच्छेद, सगळं काढा. वरच्या मेलमधलं "आम्ही सहा जण, त्यात दोन लहान मुलं" हे वाक्य मात्र राहू द्या. तो प्रश्न नाही, पण खोल्या आणि जेवणाचा दर त्याच्यावर ठरतो.

छाटायला लोक कचरतात. सगळ्यात मोठी भीती अशी, की जुना मजकूर काढला तर मेलची साखळी तुटेल. तसं होत नाही. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळतो, आणि तुम्ही 'रिप्लाय' केलंत की आधीच्या मेलचा क्रमांक तुमच्या मेलच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात आपोआप बसतो. मेल एकाखाली एक लागतात ते मुख्यतः त्याच्या जोरावर. खालचा मजकूर पूर्ण पुसलात तरी तो क्रमांक जागेवरच असतो. जीमेलमध्ये साखळी तुटते ती विषयाची ओळ बदलल्यावर, किंवा एकाच साखळीत १०० मेल झाल्यावर. म्हणून एप्रिलच्या बुकिंगच्या मेलवरच "दिवाळीत खोली आहे का?" असं कुणी विचारलं, तर विषय बदलून वेगळी साखळी सुरू करणं शहाणपणाचं.

छाटण्यामागे सभ्यतेपलीकडचंही एक कारण आहे. साधारण १०२ केबीच्या वर गेलेला मेल जीमेल मध्येच कापून दाखवतो आणि उरलेला बघायला वेगळी टिचकी मारावी लागते. लांबलेल्या साखळीत, त्यातही रंगीबेरंगी सह्या असल्या तर, ही मर्यादा वाटते त्याहून लवकर गाठली जाते.

उत्तर ज्याच्या त्याच्या खाली

आता प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर लिहा. वरच्या मेलचं नीट उत्तर असं दिसेल:

नमस्कार ताई. तुमच्या मेलमधल्या प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहिलं आहे.

> १८ ते २१ एप्रिल अशा तीन रात्रींसाठी दोन खोल्या मिळतील का? आम्ही सहा जण, त्यात दोन लहान मुलं.

१९ आणि २० च्या रात्री दोन्ही खोल्या मोकळ्या आहेत. १८ ला एकच आहे. त्या रात्री पडवीला लागून असलेल्या मोठ्या खोलीत दोन जादा गाद्या टाकून देऊ शकतो.

> आईला कांदा-लसूण चालत नाही.

अडचण नाही. सोलकढी आणि डाळ त्यांच्यापुरती वेगळी काढू. फक्त आदल्या दिवशी आठवण करा.

> कुडाळ स्टेशनवर गाडी पाठवाल का, की रिक्षा करून येऊ?

आमची गाडी नाही. ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवतो, गाडी कुठली आणि किती वाजताची ते कळवा.

> ॲडव्हान्स किती पाठवू?

खोल्यांच्या भाड्याच्या निम्मा. जेवणाचे पैसे इथे आल्यावर.

पहिली ओळ का लिहिली ते सांगतो. फोनवर घाईत मेल उघडणाऱ्याला वर आपलेच प्रश्न दिसतात, आणि चुकून स्वतःचाच मेल परत आला असं वाटून तो बंद करतो. "प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आहे" एवढं वर सांगितलं की तो खाली सरकतो.

आणि या उत्तरात एक प्रश्न सुटलाय, पाहिलंत? किल्ल्याचा. मुद्दाम गाळला. मूळ प्रश्न एकेक करून समोर ठेवले नाहीत तर नेमकं असंच काहीतरी राहून जातं. या पद्धतीने लिहिताना ज्याच्याखाली काही लिहिलेलं नाही असा प्रश्न पाठवण्याआधी डोळ्यांना खुपतो. मात्र त्यासाठी उत्तर लिहून झाल्याशिवाय प्रश्न पुसायचा नाही. आधी लिहा, मग उरलेलं छाटा.

डाव्या बाजूचं > हे चिन्ह मेलच्या साध्या मजकुराच्या काळापासून चालत आलंय आणि त्याचा अर्थ सगळीकडे एकच: ही ओळ माझी नव्हे, मागच्या मेलमधली. जीमेलमध्ये चिन्हाऐवजी करड्या रंगाची उभी रेघ दिसते. संगणकावर त्या रेघेच्या आत उत्तर लिहिताना एक त्रास होतो. एंटर मारून नवी ओळ घेतली तरी ती रेघेच्या आतच राहते आणि तुमचं उत्तर पाहुण्यांच्या तोंडी जातं. तसं झालं तर फॉरमॅटिंगच्या पट्टीतलं 'इंडेंट लेस' दाबून ओळ बाहेर काढा. उलट, एखादी ओळ रेघेच्या आत घ्यायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि ९ ही कळ. फोनवर या भानगडीत पडू नये असं माझं मत. सरळ मूळ प्रश्न कॉपी करून वर चिकटवा, आधी > टाका (कीबोर्डवर ते सहसा चिन्हांच्या दुसऱ्या पानावर सापडतं), खाली उत्तर लिहा, आणि टिंबांखालचा सगळा जुना मजकूर पुसून टाका.

काही जण उत्तरं लाल रंगात लिहितात आणि वर "माझी उत्तरं लाल अक्षरांत" अशी सूचना देतात. ऑफिसांमध्ये ही पद्धत फार आहे. मला ती पटत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर कागद निघाला की लाल-काळं सारखंच. साध्या मजकुरात मेल वाचणाऱ्याला रंग दिसत नाही, लाल-हिरवा भेद न कळणारी माणसंही असतात. आणि तिसऱ्या माणसाने निळ्या रंगात भर घातली की तो मेल कुणालाच वाचता येत नाही. रंग हवाच तर द्या, पण > किंवा रेघ सोडू नका.

प्रत्येक मेलला एवढा खटाटोप लागतो असंही नाही. "पेट्या मिळाल्या, आंबा छान आहे" याला "धन्यवाद, पुढच्या वर्षीही सांगा" एवढंच वर लिहून पाठवलं तरी पुरे. खाली काय आहे याने फरक पडत नाही. वर लिहावं की खाली, यावर मेल वापरणाऱ्यांत वर्षानुवर्षं वाद झालेत. मी त्यात कुणाच्या बाजूने नाही. एकच प्रश्न असेल तर वर लिहा. दोन किंवा अधिक असतील तर ज्याच्या त्याच्या खाली. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा आरएफसी १८५५ नावाचा दस्तऐवज आहे, ऑक्टोबर १९९५ चा. त्यातही वर-खालीचा हट्ट नाही. उत्तराच्या सुरुवातीला मूळ मेलचा सारांश द्या, किंवा संदर्भ कळेल इतपतच मूळ मजकूर ठेवा, एवढंच त्यात म्हटलंय.

नावाची ओळ

दोघांतल्या पत्रव्यवहारात कोण काय म्हणालं हे उघड असतं. तिसरा माणूस आला की गोंधळ सुरू होतो. गावातली देवस्थान समिती आणि मुंबईचं ग्रामस्थ मंडळ यांच्यातले मेल ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. गावात पाच जण, मुंबईत दहा, एखादा कुवेतला, आणि सगळे 'रिप्लाय ऑल' करणारे. अशा मेलचा एक तुकडा:

सचिव, ४ ऑगस्ट रोजी:
> खजिनदार, ३ ऑगस्ट रोजी:
>> सभामंडपाचे पत्रे यंदा बदलू, रंग पुढच्या वर्षी.
> पत्र्यांना हरकत नाही, पण रंगाचं कामही आत्ताच उरकावं.

पावसात रंग धरणार नाही. दिवाळीनंतर बघू.

दोन > म्हणजे आधीचं, एक > म्हणजे त्यानंतरचं, चिन्ह नसलेलं ते तुमचं. जितकी चिन्हं जास्त, तितका मजकूर जुना. आता यातली खजिनदारांची पत्र्यांबद्दलची ओळ नको म्हणून कुणीतरी पुसली आणि त्यांच्या नावाची ओळ तशीच ठेवली, तर काय होईल? "खजिनदार, ३ ऑगस्ट रोजी" आणि त्याखाली लगेच "रंगाचं कामही आत्ताच उरकावं". बिचारे खजिनदार रंग पुढे ढकला म्हणत होते, आणि मुंबईकर त्यांनाच विचारणार की भर पावसात रंगाचा खर्च कशाला काढता. चिन्हं नीट मोजली तर चूक सापडते, पण मेल वाचताना चिन्हं कोण मोजतं? म्हणून नियम सोपा ठेवा: एखाद्याचं बोलणं पूर्ण काढलंत तर त्याच्या नावाची ओळही काढा, आणि बोलणं ठेवलंत तर नाव ठेवाच.

मेलचं ॲप ही ओळ आपोआप घालतं: अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमक्याने लिहिलं. कधी ती लांबलचक असते, पूर्ण मेल-पत्त्यासह. ती हाताने लहान करायला हरकत नाही. माणूस आणि तारीख राहिली की झालं. ज्या पत्रव्यवहारात पाच-सहा जण असतात तिथे मी नावाबरोबर पदही लिहितो, कारण गावात एकाच आडनावाचे चार जण समितीवर असणं काही नवं नाही. आडनावाने काम भागत नाही.

तारीख का सोडायची नाही

हे आंबेवाल्यांना सगळ्यात आधी पटेल. हापूसचा मार्चमधला दर आणि मे महिन्यातला दर यांत किती फरक असतो हे त्यांना सांगायला नको. ग्राहकाने मार्चमध्ये पाच डझनाच्या पेटीचा दर विचारलेला असतो, तुम्ही मेलवर कळवलेला असतो, आणि मे महिन्यात तो त्याच मेलवर लिहितो, "तुम्ही हा दर सांगितला होतात ना?" खाली तुमचंच वाक्य, पण तारीख पुसलेली. किंवा याच्या उलट: ग्राहक मे महिन्यातला दर दाखवून पुढच्या हंगामाच्या पहिल्या पेटीला तोच मागतो. दराचं वाक्य उतरवताना तारीख त्याच ओळीत घ्या: "तुम्हाला २० मार्चला कळवलेला दर". आणि तारीख आकड्यांत लिहिण्यापेक्षा महिना अक्षरांत लिहा. ४/५ म्हणजे आपल्याला ४ मे. अमेरिकेतल्या भाच्याला ५ एप्रिल.

"उद्या पेट्या टाकतो", "परवा पैसे पाठवतो" असल्या वाक्यांतही हीच मेख. चार दिवसांनी तेच वाक्य पुन्हा वर आलं की उद्या म्हणजे कधीचा उद्या? इथे एक पथ्य पाळा. समोरच्याच्या वाक्यात हात घालून "उद्या"च्या जागी तारीख बसवू नका. चौकोनी कंसात स्वतःची भर घाला:

> उद्या [१२ एप्रिल] पेट्या टाकतो.

चौकोनी कंसातलं ते तुमचं, बाकीचं त्याचं. मधलं काही गाळलंत तर तिथे तीन टिंबं द्या. वाक्य गाळताना त्याचा रोख बदलत नाही ना, एवढं पाहा: "पैसे पाठवतो, पण पेट्या उघडून बघितल्यावर" यातलं "पण"पासूनचं कापलं तर वाक्य खोटं होतं, टिंबं दिलीत तरी. आणि समोरच्याचं शुद्धलेखन दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. त्याने "पेठ्या" लिहिलं असेल तर पेठ्या राहू द्या.

फोनवर बोललेलं मेलमध्ये

आपल्याकडे निम्मा व्यवहार फोनवर ठरतो आणि मग मेलवर येतो. फोनवरचं बोलणं > लावून किंवा अवतरणचिन्हांत घालून लिहू नये. ते शब्दशः तेच होते याची खात्री कुणालाच नसते. त्याऐवजी असं लिहा: "आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे मला समजलं ते असं: वीस पेट्या, ५ मेला निघायच्या, भाडं तुमच्याकडे. यात काही चुकलं असेल तर आजच कळवा." शेवटचं वाक्य मोलाचं आहे. समोरच्याने "बरोबर" असं लेखी उत्तर दिलं की मग ते त्याचं बोलणं झालं, आणि पुढच्या मेलमध्ये त्याच्या नावावर उतरवता येतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकलात तर तो कुठून आलाय आणि कधीचा, हे लिहा.

उतरवलेलं वाक्य हा पुरावा असतो असं मात्र समजू नका. उत्तराच्या चौकटीत कुणीही काहीही बदलू शकतो. तीन टिंबं उघडून आपण स्वतः तेच तर करतोय. पैशाचा वाद वाढला तर बघितला जातो तो मूळ मेल, त्याच्या शीर्षभागासकट. इलेक्ट्रॉनिक नोंदी न्यायालयात कशा ग्राह्य धरायच्या हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे आणि तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झालाय. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की उत्तरात बिनधास्त छाटा, पण मूळ मेल इनबॉक्समधून पुसू नका.

नवा माणूस जोडताना

पाहुण्यांचं बुकिंग चालू असताना रिक्षावाल्याला, स्कूबावाल्याला किंवा मुंबईच्या एजंटाला 'सीसी'मध्ये घ्यावं लागतं. जोडण्याआधी ती तीन टिंबं उघडाच. खाली काय काय असतं म्हणता? पाहुण्यांचे फोन नंबर, त्यांच्या आईच्या औषधांचा उल्लेख, तुम्ही त्यांना दिलेली सवलत, आणि कधीकधी बँकेचा खाते क्रमांक. एजंटाला यातलं काही कळायचं कारण नाही. त्याच्यापुरतं वेगळं, दोन ओळींचं उतरवा.

ओळखपत्रांचं तर विशेष जपा. होमस्टेवाले आधारची प्रत मेलवर मागवतात. 'रिप्लाय' केल्यावर आधीच्या मेलला जोडलेली फाइल सहसा पुढे जात नाही, पण 'फॉरवर्ड' केल्यावर ती सोबत जाते. मेलच्या अंगातच चिकटवलेला फोटो मात्र उत्तरातही जाऊ शकतो. पाहुण्यांचं बुकिंग शेजारच्या होमस्टेवाल्याकडे वळवताना फॉरवर्ड दाबलंत की सहा जणांचे आधार त्याच्याकडे पोचले. त्याऐवजी नवा मेल लिहा. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते. पाहुण्यांकडून तीच मागवलीत तर उत्तमच.

जोडलेली फाइल उत्तरासोबत जात नाही याचा उलटा फटकाही बसतो. "मागच्या मेलमधला खोल्यांचा फोटो बघा" असं नव्याने जोडलेल्या माणसाला लिहिलं, तर त्याच्याकडे तो फोटोच नसतो.

मराठी अक्षरांचं

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेली मराठी उतरवायला काही अडचण येत नाही. अडचण येते ती जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराची. समितीचा ठराव श्रीलिपीत टाइप केलेला असेल आणि तो वर्डमधून मेलमध्ये चिकटवला, तर समोरच्याला रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. उत्तर देणारा तीच खिचडी पुन्हा उतरवतो आणि साखळीभर ती फिरत राहते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पीडीएफ जोडा आणि उत्तरापुरतं एक वाक्य हाताने टाइप करा: "ठरावातला मुद्दा ३, पत्र्यांबाबत". चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तिन्ही कळा एकत्र दाबल्या तर मजकुराबरोबर फाँट आणि रंग येत नाहीत, म्हणजे उत्तरात तीन आकारांची अक्षरं दिसत नाहीत.